घोडामैदान आणि गावाचा हक्क

आजच्या व्याख्यानाचा विषय वाचून काही श्रोत्यांना नवल वाटले असेल. कामगार चळवळीत उभे आयुष्य घालविलेल्या माणसाने बोनस, महागाई, कंत्राटी पद्धत यांवर बोलावे. घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानाशी त्याला काय कर्तव्य? कर्तव्य आहे, आणि ते जुने आहे. कामगारांची संघटना बांधायची तर वर्गणीच्याही आधी जागा लागते. चार माणसांनी एकत्र बसायला जागा, चारशेंनी उभे राहायला जागा. कारखान्याच्या दारात द्वारसभा घ्यावी तर पहारेकरी हाकलतो, रस्त्यावर घ्यावी तर पोलीस हाकलतो. उरते ते मैदान. संयुक्त महाराष्ट्राच्या सभा मुंबईत शिवाजी पार्कवर आणि आपल्या पुण्यात शनिवारवाड्यासमोर झाल्या, त्या दिवाणखान्यात भरल्या असत्या का? मोकळी जागा ही सार्वजनिक जीवनाची पहिली सोय आहे, म्हणून ती कोणाच्या नावे आहे आणि कोणाच्या ताब्यात आहे हे समजून घेणे नागरिकाचे काम ठरते.

मुंबईचे महालक्ष्मी रेसकोर्स हे उदाहरण मी मुद्दाम निवडले. एक तर त्याचा पुण्याशी संबंध आहे. शर्यती भरविणारा क्लब एकच, रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लब. पावसाळ्यात घोडे पुण्याच्या छावणीतल्या रेसकोर्सवर धावतात आणि थंडी पडली की मुंबईला जातात. दुसरे असे की, शहराने एका खाजगी क्लबाच्या ताब्यातली सार्वजनिक जमीन परत मागावी, त्यासाठी दहा-अकरा वर्षे ओढाताण चालावी आणि शेवटी अर्ध्याहून अधिक जमीन परत मिळावी, असा प्रसंग आपल्या राज्यात वारंवार घडत नाही. तो कसा घडला, त्यात कोणाला काय मिळाले आणि कोणाला विचारलेच गेले नाही, हे नीट पाहिले म्हणजे आपल्या गावच्या जागांकडे पाहण्याची नजर येते.

आधी जमिनीची हकीकत. मुंबई मुळात बेटांची. महालक्ष्मी आणि वरळी यांच्या मधल्या खिंडारातून समुद्राचे पाणी आत घुसे आणि आजच्या मध्य मुंबईतला मोठा प्रदेश भरतीच्या वेळी पाण्याखाली जाई. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथे बांध घातला गेला. इंग्रज त्याला हॉर्नबी वेलार्ड म्हणत. तो १७८४ च्या सुमारास पुरा झाला. त्या बांधामुळे आतली दलदल हळूहळू जमीन झाली. म्हणजे ही जमीन कोणाच्या वाडवडिलांच्या वतनाची नव्हती. दगड वाहणाऱ्या हातांनी ती समुद्रातून काढली. पूर्वी भायखळ्याला होणाऱ्या शर्यती १८८३ मध्ये ह्या नव्या मैदानावर आल्या. मेलबर्न शहरातल्या कॉलफील्ड रेसकोर्सच्या नमुन्यावर ते आखले गेले. क्षेत्रफळ सुमारे २११ एकर. त्यातली जवळजवळ सत्तर टक्के जमीन राज्य शासनाची, उरलेली मुंबई महानगरपालिकेची. क्लबाची स्वतःची मालकीची जमीन नाही. क्लब हा पट्टेदार. १९१४ सालापासूनचा हा पट्टा ३१ मे २०१३ रोजी संपला.

येथे थोडे थांबून तीन शब्दांचा उलगडा करतो, कारण सारा घोळ ह्या तीन शब्दांत आहे: मालकी, ताबा आणि वापर. खेड्यातल्या माणसाला सातबारा पाठ असतो. शहरातला सुशिक्षित माणूस मात्र आपल्या घरासमोरच्या मैदानाची मिळकत पत्रिका कधी पाहत नाही. नगर भूमापन कार्यालयात ती मिळते. तिच्यावर धारक कोण, पट्टेदार कोण, इतर भार काय, हे लिहिलेले असते. धारक शासन असेल आणि पट्टेदार क्लब असेल, तर मालकी जनतेच्या नावे आणि ताबा क्लबाचा. तिसरी गोष्ट, वापर, ही मिळकत पत्रिकेवर सापडत नाही. ती शहराच्या विकास आराखड्यात सापडते. ह्या भूखंडावर खेळाचे मैदान असावे, शाळा असावी की घरे असावीत, हे आराखडा ठरवितो. मालक बदलला तरी आराखड्यातले आरक्षण आपोआप बदलत नाही. आणि आरक्षण बदलले तर मालक तोच राहूनही मैदानाचे दुकान होऊ शकते. म्हणून ज्याला मैदान राखायचे आहे त्याने एकाच कागदावर विसंबू नये.

पट्टा संपला म्हणजे काय होते? चाळीत खोली भाड्याने घेतलेल्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. मुदत संपली तरी भाडेकरू राहतोच, आणि मालकाने भाडे घेतले की नवे नाते सुरू होते. १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा हेच सांगतो: मुदतीनंतर पट्टेदार ताब्यात राहिला आणि मालकाने भाडे स्वीकारले किंवा अन्य रीतीने संमती दाखविली, तर पट्टा वर्षावर्षाने किंवा महिन्यामहिन्याने चालू राहिल्यासारखा मानला जातो. फरक इतकाच की, चाळीतल्या भाडेकरूला मालक नोटिसा पाठवून बेजार करतो. इथे मालक म्हणजे आपण सारे, आणि आपल्याला मुदत संपल्याची तारीखही ठाऊक नसते. ‘ज्याच्या हाती ससा तो पारधी’ ही म्हण ताब्याच्या बाबतीत जितकी खरी तितकी कुठेच नाही. ३१ मे २०१३ नंतर क्लब मैदानावर राहिला, शर्यती होत राहिल्या, आणि नूतनीकरण झालेले नाही व जागाही घेतलेली नाही अशा त्रिशंकू अवस्थेत दहा वर्षे गेली.

ह्या दहा वर्षांत जागेवर डोळे ठेवणारे थोडे नव्हते. २०१३ मध्ये पालिकेत सत्तेवर असलेल्या शिवसेनेच्या महापौरांनी तिथे मोठे उद्यान करावे असा प्रस्ताव मांडला. उद्यान म्हणताना त्याला थीम पार्क असे नाव दिले गेले. राज्यात सरकार काँग्रेस आघाडीचे. एकाने मागितले की दुसऱ्याने अडवायचे, हा खेळ आपण पुण्यातही पाहिला आहे. परंतु तिसरा पक्ष होता तो मला महत्त्वाचा वाटतो. रोज सकाळी त्या मैदानावर फिरायला, धावायला येणारे शेकडो लोक. क्लबाने त्यांना मज्जाव केलेला नव्हता. त्यांचे आणि शहरातल्या बऱ्याच जाणकारांचे म्हणणे असे होते की, मैदान आहे तसे मोकळे ठेवा. पाळणे नकोत, कारंजी नकोत, तिकिटाची खिडकी नको. सार्वजनिक करणे म्हणजे काहीतरी बांधणे, ही सरकारी समजूत त्यांना मान्य नव्हती. मला विचाराल तर, जागेचा हक्क मागणाऱ्यांत सर्वांत शहाणी मागणी त्यांचीच होती. मात्र त्या मागणीत एक उणीव राहिली. सकाळी फिरायला येणारा माणूस बहुधा जवळपास राहणारा. लोअर परळच्या चाळीतला, गोवंडीच्या झोपडीतला माणूस तिथे नव्हता, आणि त्याच्या वतीने फारसे कोणी बोललेही नाही.

जागेची किंमत पैशांत सांगणारे पुष्कळ आहेत. मी ती दुसऱ्या मापाने सांगतो. २११ एकर म्हणजे सुमारे साडेआठ लाख चौरस मीटर. २०११ च्या जनगणनेप्रमाणे मुंबईची लोकसंख्या सुमारे एक कोटी चोवीस लाख. भागाकार केला तर माणशी सातशे चौरस सेंटिमीटरहून थोडे कमी येतात. म्हणजे टंकलेखनाच्या एका कागदापेक्षा किंचित मोठा तुकडा. एवढ्या तुकड्यावर दोन पाय जेमतेम मावतात. हे ऐकून कोणी म्हणेल, मग एवढ्याशा गोष्टीसाठी भांडण कशाला? उलट आहे. शहराचा नवा आराखडा तयार होत असताना पालिकेच्याच हिशेबाने मुंबईत माणशी मोकळी जागा सव्वा चौरस मीटरच्या आसपास भरत होती. ज्याची सारी इस्टेट एका घोंगडीएवढी, त्याला त्यातला वीतभर तुकडाही सोडून चालत नाही.

आता २०२४ चा निर्णय. पालिका, शासन आणि क्लब यांच्यात बोलणी झाली आणि तडजोड अशी निघाली: २११ पैकी १२० एकर क्लबाने सोडावे, ९१ एकर त्याच्याकडे राहावे आणि त्या ९१ एकरांचा पट्टा १ जून २०२३ पासून तीस वर्षांनी वाढवून ३१ मे २०५३ पर्यंत द्यावा. सुटलेल्या १२० एकरांना सागरी किनारा रस्त्यालगतच्या भरावावरची सुमारे १७५ एकर जागा जोडून तीनशे एकरांच्या घरात जाणारे एक मोठे उद्यान करावे. त्या वर्षीच्या जानेवारीच्या अखेरीस क्लबाच्या सभासदांनी ह्यावर मतदान केले. सातशेच्या वर मते पडली. ५४० बाजूने, १६८ विरुद्ध. मग मंत्रिमंडळाची मान्यता आली, आणि त्याच वर्षी १२० एकर पालिकेच्या हाती गेले.

क्लबाने आपल्या सभासदांना विचारले, ही गोष्ट योग्यच झाली. संघटना म्हटली की सभासदांना विचारलेच पाहिजे; आमच्या युनियनमध्येही करारावर सही करण्यापूर्वी सभा घ्यावी लागते. पण दुसऱ्या बाजूला काय होते ते पाहा. मुंबई महानगरपालिकेच्या निवडून आलेल्या सभागृहाची मुदत ७ मार्च २०२२ रोजी संपली होती आणि त्यानंतर जवळजवळ चार वर्षे निवडणूकच झाली नाही. आयुक्त हेच प्रशासक. महासभेचे अधिकार त्यांचे, स्थायी समितीचे अधिकार त्यांचे. म्हणजे करार करणाऱ्या दोन पक्षांपैकी क्लबाच्या बाजूने सातशे माणसांनी मत दिले आणि सव्वा कोटी लोकांच्या बाजूने एका अधिकाऱ्याने सही केली. अधिकारी चांगला की वाईट हा प्रश्नच नाही. मालकाला न विचारता मुनिमाने वाटणीपत्र केले, एवढेच मी नमूद करतो. विरोध झाला, सभा झाल्या, निवेदने गेली, ह्या जागेवर पुढे बांधकाम येईल अशी शंका विरोधी पक्षाच्या नेत्यांनी उघड बोलून दाखविली. परंतु नगरसेवकच नसल्यामुळे वॉर्डातल्या माणसाला हात धरून विचारायला कोणी नव्हते. पुण्याचे सभागृहही त्याच मार्च महिन्यात मुदत संपून रिकामे झाले होते, हे आपण विसरू नये.

क्लबाची बाजूही मांडली पाहिजे. ज्या मुंबईत गिरण्यांच्या चिमण्या पडून तिथे मनोरे उभे राहिले, तिथे शहराच्या ऐन मध्यावर २११ एकर हिरवे राहिले ते शर्यती चालू होत्या म्हणून. क्लबाने ते स्वतःच्या सोयीसाठी राखले असेल; पण राखले. ‘क्लब गेला की झाडे जातील आणि सरकार आले की ठेकेदार येईल’ ही भीती फुटपाथवरच्या माणसालाही वाटते, आणि ती निराधार नाही. उद्याने, मैदाने देखभालीसाठी खाजगी संस्थांना द्यायची आणि काही वर्षांनी तिथे क्लबाचे कुंपण उभे राहिलेले पाहायचे, हा अनुभव मुंबईने घेतला आहे. मैदाने दत्तक देण्याचे तसलेच धोरण पालिकेने जानेवारी २०१६ मध्ये मंजूर केले, तेव्हा नागरिकांनी एवढा गलका केला की मुख्यमंत्र्यांना त्याला स्थगिती द्यावी लागली. तेव्हा क्लब वाईट आणि पालिका चांगली, असे सोपे समीकरण मी मांडत नाही.

मैदानावर आणखी काही माणसे असतात, त्यांची नावे कोणत्याच प्रस्तावात ठळक नसतात. घोड्याला खरारा करणारे, त्याच्याबरोबर तबेल्यातच झोपणारे मोतद्दार, नालबंद, माळी, उपाहारगृहातले वाढपी. गोल्फच्या मैदानावर खेळणाऱ्यांच्या काठ्या वाहणारे कॅडी असतात, त्यांचीही जात तीच. अशा माणसांना कामगार म्हणायचे की नाही, ह्यावरच आमच्या चळवळीला लढावे लागले. मद्रास जिमखाना क्लबाच्या नोकरांच्या युनियनचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, तेव्हा १९६७ मध्ये निकाल असा लागला की, सभासदांनी सभासदांसाठी चालविलेला क्लब हा ‘उद्योग’ नव्हे. म्हणून औद्योगिक कलहाचा कायदा तिथे लागू नाही. साहेबाला चहा नेऊन देणारा माणूस दिवसभर राबतो, पण तो उद्योगात काम करीत नाही! अकरा वर्षांनी, १९७८ मध्ये, बंगलोर पाणीपुरवठा मंडळाच्या खटल्यात सात न्यायमूर्तींच्या पीठाने उद्योगाची व्याख्या रुंदावली आणि जुना निकाल मोडीत काढला. मैदानाचा ताबा बदलताना त्यावर पोट भरणाऱ्यांचे काय, हा प्रश्न म्हणून करारातच यायला हवा, मागाहून कनवाळूपणाने नव्हे. महालक्ष्मीच्या बोलण्यांत तबेल्यांची दुरुस्ती आणि मैदानालगतच्या झोपडीवासीयांचे पुनर्वसन हे विषय निघाले खरे; परंतु चर्चेत घोड्यांच्या छपराला जेवढी जागा मिळाली तेवढी घोडे सांभाळणाऱ्यांच्या छपराला मिळाली नाही.

जमीन परत मिळाली म्हणून लगेच पेढे वाटू नयेत, हे आम्ही गिरणगावात शिकलो. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेला गिरणी कामगारांचा संप आपल्याला माहीत आहे. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. संप मोडला, गिरण्या एकामागून एक बंद झाल्या, आणि जमीन उरली. सुमारे सहाशे एकर. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत अठ्ठावन्न क्रमांकाचा नियम आला. त्याचे सूत्र ऐकायला फार सुरेख: गिरणीच्या जमिनीचा विकास करायचा तर ढोबळ मानाने एक-तृतीयांश पालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक-तृतीयांश म्हाडाला परवडणाऱ्या घरांसाठी आणि एक-तृतीयांश मालकाला. कामगारांनी हे सूत्र आपले मानले. २००१ मध्ये नियमात दुरुस्ती झाली. कसली? ‘जमीन’ ह्या शब्दाचा अर्थ बदलला. आता वाटणी साऱ्या जमिनीची नव्हे, तर जिथे मुळात बांधकाम नव्हते अशा मोकळ्या जमिनीचीच करायची. गिरणी म्हणजे भिंतीला भिंत लागलेली इमारत. तिथे मोकळी जमीन असणार किती? सूत्र तेच राहिले, भागिले तीनच राहिले, पण वाटायची भाकरीच चतकोर झाली. पर्यावरणासाठी काम करणाऱ्या एका संस्थेने उच्च न्यायालयात दाद मागितली. ऑक्टोबर २००५ मध्ये उच्च न्यायालयाने लोकांच्या बाजूने निकाल दिला. आणि ७ मार्च २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फिरविला. आज लोअर परळला उतरून वर पाहणाऱ्याची टोपी पडते. मोकळी जागा शोधणाऱ्याला मात्र पायपीट करावी लागते.

ह्या अनुभवामुळे मी १२० एकरांच्या कागदातले शब्द मोजतो. ‘उद्यान’ ह्या शब्दात काय काय बसते? जमिनीखाली वाहनतळ आणि मोठे क्रीडासंकुल करण्याच्या योजना पुढे आल्याच आहेत. वर गवत आणि खाली काँक्रीट, मग मोठी झाडे मुळे कुठे पसरणार? पावसाचे पाणी कुठे मुरणार? शिवाय संकुल म्हटले की प्रवेशशुल्क आले, सभासदत्व आले, आणि सभासदत्व आले की क्लब आला. एका दाराने गेलेला दुसऱ्या दाराने येतो.

परदेशातले एक उदाहरण सांगतो, कारण आपल्याकडे गोल्फ म्हणजे निव्वळ साहेबी चैन अशी समजूत आहे. येरवड्याच्या गोल्फ मैदानावरून विमानतळाकडे जाताना कुंपणाआडची हिरवळ आपण पाहतो आणि ती आपल्यासाठी नाही असे मनाशी धरून पुढे जातो. स्कॉटलंडमधले सेंट अँड्र्यूज हे गोल्फचे काशीक्षेत्र. तिथली समुद्राकाठची पडीक, वाळवट जमीन गावकऱ्यांच्या वहिवाटीची होती. १५५२ च्या एका सनदेत गावकऱ्यांचा तिथे खेळण्याचा हक्क नोंदलेला आहे. पुढे १७९७ मध्ये नगरसंस्था दिवाळखोरीला आली आणि जमीन तिच्या हातून गेली. ती ज्यांच्याकडे गेली त्यांनी तिथे ससे पाळले. सशांनी मैदान उकरून टाकले. खेळणारे आणि ससेवाले यांच्यात वर्षानुवर्षे मारामाऱ्या आणि खटले झाले. १८२१ मध्ये जवळच्या एका जमीनदाराने ती जमीन विकत घेऊन मैदान वाचविले. आणि १८९४ मध्ये पार्लमेंटकडून खास कायदा करवून घेऊन नगरसंस्थेने ती पुन्हा गावाच्या मालकीची केली. १९७४ पासून एक सार्वजनिक न्यास ती सांभाळतो. जगातल्या अतिप्रसिद्ध क्लबाची इमारत त्या मैदानाला लागून आहे, पण मैदान क्लबाचे नाही. गावच्या रहिवाशाला वर्षाचा पास स्वस्तात मिळतो. आणि मला सर्वांत आवडलेली गोष्ट अशी की, त्यांतल्या सर्वांत जुन्या मैदानावर एरवी रविवारी खेळच बंद असतो. त्या दिवशी गावची माणसे मुले, कुत्री घेऊन तिथे फिरतात. मोठ्या स्पर्धांचे मोजके रविवार तेवढे अपवाद.

ऑस्ट्रेलियात सिडनी शहराजवळ मूर पार्क नावाचे अठरा खळग्यांचे सार्वजनिक गोल्फ मैदान आहे. आसपास हजारो सदनिका उभ्या राहिल्या, अंगण कोणालाच नाही. तेव्हा २०२३ मध्ये तिथल्या राज्य सरकारने जाहीर केले की, निम्मे खळगे ठेवायचे आणि वीस हेक्टरपर्यंत जागा सर्वांसाठी उद्यान म्हणून खुली करायची. गोल्फवाल्यांनी विरोध केला. त्यांतले पुष्कळ साधे नोकरदार होते, कारण ते मैदान कोणालाही थोड्या पैशांत खुले होते. म्हणजे तिथला झगडा थोडे आणि पुष्कळ यांतला नव्हता, दोन रास्त गरजांमधला होता. महालक्ष्मीत तशी अडचण नव्हती.

मग नागरिकाने करावे काय? पहिली गोष्ट, न्यायालयाचे दार बंद नाही. बंगलोरच्या एका वसाहतीत उद्यानासाठी राखलेला भूखंड एका खाजगी न्यासाला शुश्रूषागृहासाठी दिला गेला. रुग्णालय हे पुण्यकर्म, त्याला कोण विरोध करणार, असा देणाऱ्यांचा हिशेब असावा. वसाहतीतल्या रहिवाशांनी विरोध केला. तुम्ही कोण, तुमचे काय नुकसान, असे त्यांना विचारले गेले. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितले की, उद्यानाची जागा जाणे हेच रहिवाशांचे नुकसान आहे, त्यांना दाद मागण्याचा अधिकार आहे; आणि ते भूखंडवाटप रद्द ठरले. मोकळ्या जागेसाठी भांडणाऱ्या प्रत्येकाने हा निकाल वाचावा.

दुसरी गोष्ट न्यायालयाच्या फार अलीकडची आहे. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्याप्रमाणे आराखड्यात फेरबदल करायचा तर सूचना प्रसिद्ध करून लोकांच्या हरकती मागवाव्या लागतात. मुदत बहुधा महिन्याची असते, आणि सूचना वृत्तपत्राच्या अशा कोपऱ्यात छापतात की वाचणाऱ्याला चष्मा बदलावा लागावा. मुदत टळल्यावर मोर्चा काढणे म्हणजे वरातीमागून घोडे. महिनाभरात शंभर लेखी हरकती गेल्या तर प्रत्येक हरकतदाराला सुनावणीला बोलावण्याची मागणी करता येते, आणि सुनावणीचा कागद पुढे कोर्टात उपयोगी पडतो. २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्याने दहा रुपयांत पट्ट्याची प्रत मागता येते. तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. प्रत हाती आली की चार गोष्टी पाहाव्यात. मुदत केव्हा संपते. भाडे किती आणि ते केव्हा वाढायचे. पोटभाडेकरू ठेवण्यास मनाई आहे की नाही. आणि जनतेला प्रवेश देण्याविषयी काही अट आहे काय. ही शेवटची अट कित्येक पट्ट्यांत असते आणि कोणी विचारीत नाही म्हणून ती पाळली जात नाही.

पुण्याच्या टेकड्यांचा प्रश्न ह्याहून निराळा आहे, त्याची गल्लत करू नये. नव्याने सामील झालेल्या तेवीस गावांतल्या टेकड्यांवरची ९७८ हेक्टर जमीन जैवविविधता उद्यानासाठी राखावी, ह्यासाठी पुणेकरांनी वर्षानुवर्षे झगडा केला आणि २०१५ मध्ये शासनाने ते आरक्षण मान्य केले. पण तिथली जमीन बव्हंशी खाजगी मालकांची. ती घ्यायची तर मोबदला हवा. शासनाने आठ टक्के टीडीआर देऊ केला, तो मालकांना पुरेसा वाटला नाही आणि घोडे तिथेच अडले. आरक्षण आहे, मालकी नाही, ताबा नाही. महालक्ष्मीत मालकी होती, ताबा नव्हता. गिरणगावात सूत्र होते, जमीन नव्हती. म्हणून कोणत्याही जागेसाठी समिती स्थापन करण्यापूर्वी आपल्या हाती ह्या तिन्हींपैकी काय आहे, हे कागद काढून ठरवावे. त्यावरून भांडण महसूल खात्याशी आहे, पालिकेशी आहे की मालकाशी, हे कळते. अनेक समित्या चुकीच्या दारात वर्षभर घोषणा देत बसलेल्या मी पाहिल्या आहेत.

महालक्ष्मीच्या १२० एकरांच्या कारभाराचा प्रश्न अजून मोकळा आहे. तिथे कोणती मंडळी बसणार, त्यात निवडून आलेले किती, आसपासच्या वस्त्यांतले किती, काम करणाऱ्यांपैकी कोणी असणार की नाही. आणि सर्व बैठकांचे इतिवृत्त लोकांना वाचायला मिळणार की नाही. मुंबईच्या मित्रांना मी हेच विचारीत असतो. उरलेल्या ९१ एकरांचा पट्टा ३१ मे २०५३ रोजी संपेल. आज शाळेत जाणारी मुले त्या वेळी कर भरणारे नागरिक असतील, तेव्हा ती तारीख कुठेतरी लिहून ठेवायला त्यांना सांगितलेले बरे.